ठिपक्यांची वही आणि वर्ध्याचा कागद

गेल्या काही वर्षांत लेखनसाहित्याच्या दुकानांतून एक नवी वही दिसू लागली आहे. तिच्या पानांवर रेघा नसतात, चौकटीही नसतात. फिकट करड्या रंगाचे ठिपके तेवढे सारख्या अंतरावर, ओळीमागून ओळ मांडलेले असतात. महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, नोकरी करणाऱ्या तरुणी, क्वचित शाळकरी मुलेही या वहीत महिन्याचे पान आखतात. त्यात तारखा मांडतात, करावयाच्या कामांची यादी करतात, आणि मग समासात जलरंगांनी ऋतूची चित्रे काढतात. जूनच्या पानावर मेघ आणि छत्री, ऑक्टोबरच्या पानावर झेंडू, डिसेंबरच्या पानावर गोठा आणि तारा. अमेरिकेतील रायडर कॅरल या आरेखनकाराने अशी नोंदवही ठेवण्याची एक पद्धत २०१३ साली लोकांपुढे मांडली. तेव्हापासून ठिपक्यांच्या वहीला जगभर मागणी आली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांतही ही वही आता पोहोचली आहे. तिच्याविषयी घराघरांत दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांना तो वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटतो. मुलांना ती आपली, एकट्याची जागा वाटते. या वादात निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. महिन्याचे पान सजविण्याची ही कृती वाटते तितकी नवी नाही, परकी तर मुळीच नाही, एवढेच इतिहासाच्या आधारे दाखवावे असे आम्हांस वाटते. या इतिहासाची एक वाट युरोपातील मठांतून येते, दुसरी आपल्या अंगणातून येते, आणि दोन्ही वाटा ज्या एका गावाजवळ येऊन भेटल्यासारख्या वाटतात ते गाव विदर्भातील वर्धा हे होय.

तासिकांचे ग्रंथ

मध्ययुगीन ख्रिस्तसभेत मठवासी दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना प्रार्थना म्हणत. प्रापंचिकांनाही त्या प्रार्थनेत सहभागी होता यावे म्हणून तासिकांची प्रार्थनापुस्तके तयार होऊ लागली. पुस्तकाच्या आरंभी बारा महिन्यांची दिनदर्शिका असे. मोठे सण तांबड्या शाईने लिहिले जात. प्रत्येक महिन्याच्या पानावर त्या महिन्यातील कामाचे चित्र असे. फेब्रुवारीत शेकोटीपाशी बसलेली माणसे, मार्चमध्ये द्राक्षवेलींची छाटणी, जूनमध्ये गवताची कापणी, जुलैत गव्हाची कापणी, सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी. शार्त्र आणि आमिएं येथील कॅथेड्रलांच्या भिंतींवर हीच मासिक कामे दगडात कोरलेली आहेत. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही मंदिरात शिरताना आपला नांगर आणि आपला विळा संतांच्या शेजारी दिसावा, ही त्यामागील योजना होती.

या ग्रंथांपैकी सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ फ्रान्समधील बेरी प्रांताच्या ड्यूकसाठी लिंबूर्ग आडनावाच्या तिघा भावांनी इसवी सन १४१२ च्या सुमारास रंगविण्यास घेतला. १४१६ साली हे तिघे भाऊ आणि त्यांचा आश्रयदाता ड्यूक असे सर्वजण मरण पावले, आणि ग्रंथ अपुरा राहिला. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस झां कोलोंब या चित्रकाराने तो पुढे नेला. आज तो शांतिइ येथील संग्रहालयात आहे. त्यातील फेब्रुवारीच्या पानावर बर्फात गारठलेले गाव आहे, मधमाश्यांची पोळी आहेत, आणि हातांवर फुंकर घालीत घराकडे निघालेला एक मनुष्य आहे. महिना म्हणजे कोरी चौकट नसून थंडी, भूक, श्रम आणि आशा यांचा एक तुकडा आहे, ही जाणीव त्या पानावर चित्ररूप झाली आहे.

मात्र याच पानांविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. ही चित्रे रंगविली जात होती तेव्हा फ्रान्स इंग्लंडशी युद्धात होता. १४१५ साली आझांकूरच्या लढाईत फ्रान्सचा दारुण पराभव झाला. तरीही चित्रांतील किल्ल्यांची शिखरे निळ्या आकाशात शांत उभी आहेत, आणि शेतकरी बहुधा निमूटपणे राबत आहेत. सजावट सुंदर असूनही अपुरे सत्य सांगू शकते. या मुद्द्याकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

संत इग्नाती यांचे ठिपके

तासिकांच्या ग्रंथांत चित्र होते, परंतु वाचकाचा स्वतःचा दिवस त्यात नव्हता. तो आणला संत इग्नाती लोयोला यांनी. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात विवेकपरीक्षणाची एक अत्यंत साधी रीत दिली आहे. साधकाने आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेषांच्या सात जोड्या आखाव्यात. जोडीतील पहिली रेषा सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी तेथून रात्रीच्या जेवणापर्यंतची. ज्या दोषातून मुक्त व्हावयाचे आहे तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या रेषेवर द्यावेत. मग कालच्या दिवसाशी आजचा आणि गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहावा.

आजची तरुण मुलगी आपल्या वहीत पाणी किती प्यायले, पुस्तक किती वाचले, राग किती वेळा आला याचे चौकोन भरते तेव्हा ती नकळत याच रीतीचा अवलंब करीत असते. फरक आहे तो हेतूत. इग्नाती यांचा ठिपका देवासमोर दिलेला हिशोब होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच पुस्तकात दिवसाच्या सर्वसाधारण परीक्षणाचे जे पाच टप्पे सांगितले आहेत, त्यांतील पहिला टप्पा दोष मोजण्याचा नाही. तो मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानण्याचा आहे. आधी आभार, मग हिशोब, असा तो क्रम आहे. पानावरचा ठिपका हा हिशोब मानला, तर समासातले चित्र हे आभारप्रदर्शन मानावयास काय हरकत आहे?

मगनवाडी

आता आपण वर्ध्याकडे वळू. १९३४ साली गांधीजी वर्ध्यास आले. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि त्यातील घर संघाला दिले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी असे नाव पडले. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांचे नाव आपल्या समाजात जितके माहीत असावयास हवे तितके ते नाही, याची आम्हांस खंत वाटते. तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात ४ जानेवारी १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशोबतपासनीस झाले, मुंबईत त्यांनी तो व्यवसाय केला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला, आणि मग सारे सोडून खादी पत्करली. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयी, दुसरे येशूच्या आचरणाविषयी आणि उपदेशाविषयी. दोहोंचा विषय त्यांच्या मते एकच होता. वस्तू विकत घेताना तिच्यामागे कोणाचे श्रम आहेत आणि कोणाचे अश्रू आहेत हे ग्राहकाने विचारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. पै-पैचा हिशोब ठेवणारा हा मनुष्य हिशोबाला सदसद्विवेकाचे अंग मानीत असे.

मगनवाडीत तेलघाणी, मधमाशीपालन, गूळ यांबरोबरच हातकागदाचे काम सुरू झाले. हातकागद महाराष्ट्राला नवा नव्हता. जुन्नरचा कागद आणि दौलताबादजवळील कागजीपुऱ्याचा कागद दफ्तरांत नावाजलेला होता. गिरणीच्या कागदाने ही कला मोडकळीस आणली होती. के. बी. जोशी यांनी हातकागदाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि संघासाठी त्यावर पुस्तक लिहिले. पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था उभी राहिली, तीही याच प्रयत्नांतून. संघाची पत्रिका हातकागदावर छापली जाई. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते वर्ध्यास मगन संग्रहालय सुरू झाले आणि ग्रामोद्योगांच्या साधनांना व वस्तूंना तेथे कायमचे स्थान मिळाले.

हा कागद कसा होतो ते थोडक्यात सांगतो, कारण जलरंगांच्या दृष्टीने त्यास महत्त्व आहे. चिंध्या, ताग किंवा जुना कागद भिजवून, कुटून त्याचा लगदा करतात. लगदा पाण्याच्या हौदात ढवळून त्यातून जाळीचा साचा उचलतात. साच्यावर जो पातळ थर राहतो तोच कागद. तो दाबून वाळवितात. अशा कोऱ्या कागदावर रंग टाकला तर तो टिपकागदाप्रमाणे पसरतो. म्हणून त्यास खळ देतात आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटतात. खळ बरोबर असेल तर रंग कागदाच्या पृष्ठावर उभा राहतो, उजेड त्यातून आरपार जातो, आणि जलरंगाचे जे खास तेज ते दिसू लागते. कापसाच्या चिंधीपासून केलेला कागद यासाठी उत्तम मानतात. वर्धा हा कापसाचा जिल्हा. ज्या मातीतून कापूस येई, त्याच मातीतील माणसांच्या जुन्या धोतर-लुगड्यांतून कागद होऊ शके. आजच्या वहीला अशी वंशावळ सांगता येणार नाही.

सेवाग्रामची मुले

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालातून नयी तालीम अथवा वर्धा शिक्षण योजना आकारास आली. हातकामातून शिक्षण ही तिची ओळख सर्वांना आहे. परंतु त्या अभ्यासक्रमात चित्रकलेलाही जागा दिलेली होती, हे सहसा सांगितले जात नाही. डोळ्याला आकार आणि रंग यांची पारख यावी, निसर्गातील सौंदर्याची गोडी लागावी, सजावटीची सुरुची यावी, असे हेतू समितीने नमूद केले. पहिल्या वर्षांत चित्रकला वाचनाशी आणि निसर्गनिरीक्षणाशी जोडावी, असेही सुचविले.

सेवाग्राम म्हणजे पूर्वीचे शेगाव. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तेथे राहावयास गेले, आणि १९४० साली गावाचे नाव बदलले. तेथे हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने उभे केले. आर्यनायकम् हे सिंहलद्वीपातील जाफन्याचे, ख्रिस्ती घराण्यातले. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. पुढे मार्जरी साइक्स या इंग्रज क्वेकर शिक्षिकाही येथे येऊन शिक्षकांना तयार करू लागल्या. रोजची सूतकताई, शेतातील काम, हवामान यांच्या नोंदी ठेवणे हा येथील शिक्षणाचा नित्याचा भाग होता. गांधीजी आश्रमवासीयांना रोजनिशी ठेवण्यास सांगत. रोजनिशी मनुष्याला स्वतःशी खोटे बोलू देत नाही, अशी त्यांची धारणा होती.

१९४४ साली या रोजनिश्यांच्या गावात एक चित्रकार आला. देवीप्रसाद हे त्याचे नाव. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली त्याची जडणघडण झाली होती. नंदलालबाबूंनी फैजपूरच्या आणि हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनांची सजावट केली होती. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातकागदावर सुतार, कुंभार, ढोलकीवाला, दळण दळणारी बाई अशी शेकडो चित्रे रंगविली. ज्यांच्या श्रमांवर देश उभा आहे त्यांचीच चित्रे राष्ट्रसभेच्या दारी असावीत, हा विचार त्यामागे होता. कॅथेड्रलच्या भिंतीवरील मासिक कामांशी या विचाराचे नाते जोडण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

देवीप्रसाद १९६२ पर्यंत सेवाग्रामात राहिले. तेथे त्यांनी कलाभवन उभे केले, कुंभारकाम केले, मुलांना चित्रे काढू दिली. 'काढू दिली' असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मोठ्यांचे चित्र गिरविणे म्हणजे कला नव्हे, मुलाने स्वतः अनुभवलेले ते कागदावर उतरविले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत होता. बालचित्रकलेवर त्यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकांतही हेच सूत्र आहे. महागडे रंग नसले तरी अडत नाही, हे वर्ध्याच्या भूमीकडे पाहिले तरी कळते. गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा आणि पळसाच्या फुलांचा केशरी हे रंग खेड्यात हाताशी असतात. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात रंगाची बारीक पूड घोटली की जलरंग तयार होतो. दुकानातील डबीतही तत्त्वतः याहून निराळे काही नसते.

बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहेन यांनी उठावात काढलेली ताडाची झाडे आणि चरखा आजही पाहावयास मिळतो. पाकिटाच्या कोऱ्या पाठीवर पत्र लिहिणाऱ्या, पेन्सिलीचा तुकडाही वाया जाऊ न देणाऱ्या माणसाच्या घरात ही सजावट नांदली. काटकसर आणि सौंदर्य यांचे वैर नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

अंगणातील ठिपके

दुसरी वाट आपल्या अंगणातून येते असे आम्ही वर म्हटले. ठिपक्यांची रांगोळी महाराष्ट्रातील स्त्रीने पिढ्यान्‌पिढ्या घातली आहे. ठिपके समान अंतरावर पडावेत म्हणून जाड कागदाला उदबत्तीने भोके पाडून तो कागद जमिनीवर ठेवावयाचा आणि वरून रांगोळी पसरावयाची, ही युक्ती घरोघर माहीत आहे. चैत्र आला की चैत्रांगण, त्यात सूर्य, चंद्र, कमळ, कासव अशी चिन्हे. विचार केला तर हे महिन्याचे सजविलेले पानच आहे. फरक इतकाच की ते दुसऱ्या दिवशी पुसले जाते.

ख्रिस्ती घरांत ही रांगोळी बराच काळ संशयाने पाहिली गेली. हा संशय दूर करण्यात ज्या कलावंतांनी आयुष्य वेचले त्यांत अँजेलो दा फोन्सेका यांचे नाव अग्रभागी आहे. गोव्यातील सांतो इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेल्या या कॅथोलिक चित्रकाराने शांतिनिकेतनाचा मार्ग धरला. नंदलालबाबू त्यांचेही गुरू. म्हणजे सेवाग्रामच्या देवीप्रसादांचे ते गुरुबंधूच म्हणावयाचे. फोन्सेकांनी प्रामुख्याने जलरंगांत पवित्र मरिया साडीत रंगविली, येशूला भारतीय परिसरात उभे केले. त्यांच्यावर टीका झाली. गोवा सोडून ते पुण्यास आश्रमात येऊन राहिले, आणि १९६७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक संस्कृतीला आदराचे स्थान दिले, तेव्हा फोन्सेका तीस वर्षांहून अधिक काळ ते करीत आले होते.

आपले रंग, आपले ऋतू

उपासनावर्षाला रंग आहेत हे आपण जाणतो. जांभळा, पांढरा, हिरवा, तांबडा. हे रंग युरोपात ठरले, परंतु वर्ध्याच्या शिवारात ते चमत्कार वाटावा इतके चपखल बसतात. आगमनकाळात जांभळा झगा असतो तेव्हा शेतांत कापसाची वेचणी चालू असते, आणि नाताळाचा शुभ्र रंग बोंडांतून आधीच बाहेर आलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत आर्वी-कारंजाकडील संत्र्यांच्या बागांना आंबिया बहराची पांढरी फुले येतात. प्रायश्चित्तकाळात पानगळ होते, आणि उघड्या फांद्यांवर पळस पेटतो. पेंतेकॉस्टच्या आसपास गुलमोहर तांबडा होतो, जणू अग्नीच्या जिभाच. त्यानंतर पाऊस पडतो, पेरण्या होतात, आणि सामान्यकाळाचा लांबलचक हिरवा रंग जमिनीवर उतरतो. मे महिना मरियेचा, जून पवित्र हृदयाचा, ऑक्टोबर जपमाळेचा, नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. एवढी समृद्ध सामग्री असताना विदेशी वहीतील मेपलची पाने आणि हिमकण आपल्या मुलांनी का गिरवावेत? ज्या वर्ध्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेथील मुलीने डिसेंबरात बर्फ रंगवावा, हे देवीप्रसादांच्या सिद्धांताविरुद्ध आहे. तिने ते पाहिलेले नाही.

आता राहिला सत्याचा मुद्दा. वर्धा जिल्ह्याचे महिने केवळ पळसाचे आणि कापसाचे नाहीत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ज्या घरात पीक बुडाले त्या घरातील मुलीने ऑक्टोबरच्या पानावर काय काढावे? लिंबूर्ग बंधूंप्रमाणे निळे आकाश काढून मोकळे व्हावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. रिकामी पोती, न बरसलेला ढग, शेजारच्या घरी बंद झालेली शेगडी हीदेखील महिन्याची चित्रे आहेत. आक्रोशाची स्तोत्रे देवाने बायबलातून वगळली नाहीत. कुमारप्पांचा हिशोब, इग्नाती यांचे ठिपके आणि गांधीजींची रोजनिशी यांचे सांगणे एकच आहे की, पान आधी खरे असावे, मग सुंदर. खऱ्या पानावरील लहानसे फूल हे आभार ठरते. खोट्या पानावरील बाग ही केवळ रंगरंगोटी होय.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी की, मुलांच्या वहीची चेष्टा करू नये. दुकानातील महाग वही हवीच असेही नाही. साधी कोरी वही, पट्टी आणि टोकदार पेन्सिल असली की ठिपके घरीच पडतात. आजीला विचारले तर अंतर कसे राखावे हे ती सांगेल. आणि मुलांना आमची विनंती अशी की, महिन्याच्या पहिल्या दिवशी पान सजविण्यापूर्वी एकदा दाराबाहेर जाऊन पाहावे. शेवटच्या दिवशी पान उलटण्यापूर्वी त्यावर काय नोंदविले आणि काय नोंदवावयाचे टाळले, हेही शांतपणे वाचावे. आधी आभार आणि मग हिशोब हा क्रम तेवढा ढळू देऊ नये. सेवाग्रामच्या नयी तालीमची शाळा मध्यंतरी बंद पडली होती, ती २००५ साली आनंद निकेतन या नावाने पुन्हा सुरू झाली. मोडलेली गोष्ट पुन्हा सुरू करता येते, हेही वर्ध्यानेच आपल्याला शिकविले आहे. अर्धवट राहिलेल्या वहीच्या बाबतीतही ते खरे आहे.